भिंतीवरचा उन्हाळा

पुण्यात उन्हाळा तीन ठिकाणी जाहीर होतो. पहिले ठिकाण शिवाजीनगरची वेधशाळा. दुसरे, स्वारगेटच्या एस. टी. स्टँडाभोवतीची रसवंतिगृहे. आणि तिसरे, बालवाडीची भिंत. यांपैकी वेधशाळेच्या उन्हाळ्यावर पुणेकराचा कधीच विश्वास नसतो. ("एकोणचाळीस? अहो, आमच्या गच्चीवर या एकदा!") रसवंतीच्या उन्हाळ्यात बर्फ कुठला, ही शंका कायम असते. बालवाडीच्या भिंतीवरचा उन्हाळा मात्र निर्विवाद असतो. तो कार्डशीटचा असतो, चारी बाजूंनी नीट कातरलेला असतो आणि गुढीपाडव्याच्या सुमारास, कुणाला घाम यायच्या आत, चिकटपट्टीने पक्का झालेला असतो.

आमची नात जाते ती बालवाडी स्वारगेटच्या मागच्या अंगाला आहे. जेधे चौकातला उड्डाणपूल, त्याच्या पोटातली मेट्रो आणि पुलाखाली 'कात्रज, कात्रज' असा घोष करणारे रिक्षावाले ओलांडून एकदा आत गल्लीत शिरले की निळ्या रंगाचे दार लागते. त्या दाराच्या आत दर महिन्याला भिंत बदलते. जूनमध्ये छत्र्या आणि बेडूक, ऑगस्टमध्ये झेंडे, दिवाळीआधी आकाशकंदील, डिसेंबरात कापसाचा बर्फ (पुण्यात!), आणि मार्च संपत आला की उन्हाळा.

हा उन्हाळा मी एकदा सवडीने पाहिला. नात डबा विसरली होती, तो पोचवायला गेलो होतो. भिंतीवर मधोमध पिवळाधमक सूर्य होता आणि त्याने गॉगल लावला होता. आता ज्याच्यामुळे आपल्याला गॉगल लावावा लागतो त्यानेच गॉगल लावायचा, हे म्हणजे कंडक्टरने स्वतःच स्वतःचे तिकीट काढण्यासारखे आहे. सूर्याखाली समुद्र होता. समुद्राकाठी पट्ट्यापट्ट्यांची छत्री, छत्रीखाली आरामखुर्ची, बाजूला वाळूची बादली, स्ट्रॉबेरी आणि शंकूतले आइस्क्रीम. स्वारगेटपासून सर्वांत जवळचा समुद्र एस. टी.ने चार तासांवर आहे, तेही घाटात गर्दी नसली तर. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची, आणि ती थंडीत येते. राहता राहिले आइस्क्रीम. ते मात्र आमच्या हद्दीत बसत होते.

"कसा वाटला आमचा समर?" तिथल्या ताईंनी कौतुकाने विचारले.

"गार वाटला," मी म्हणालो. त्यांना ती दाद वाटली. होतीही. कारण कातरकाम खरोखर सुरेख होते. सूर्याचे किरण एकसारखे, लाटांची नक्षी एका मापाची, कुठे डिंकाचा डाग नाही. रात्री घरचे सगळे आवरून, मुलांना झोपवून या बायका हे करतात, हे मला ठाऊक आहे. माझा प्रश्न कलाकुसरीविषयी नव्हताच. माझा प्रश्न साधा होता: हा उन्हाळा कुणाचा?

तो प्रश्न लगेच आमच्या घरी आला. नातीच्या डायरीत चिठ्ठी आली, 'समर थीम. एक पेपर क्राफ्ट करून पाठवणे.' चार वर्षांच्या मुलीला उद्देशून लिहिलेले वाक्य तिच्या आईने वाचले, तिच्या बापाने वाचले आणि मग दोघांनी माझ्याकडे पाहिले. निवृत्त माणूस हा घरातला राखीव खेळाडू असतो. मी पिशवी घेतली आणि अप्पा बळवंत चौक गाठला.

"काय देऊ?" दुकानदाराने विचारले.

"उन्हाळा करायचाय. बालवाडीसाठी."

"करायचा कशाला? तयार आहे." त्याने मागच्या फळीवरून पाकीट काढले. पाकिटात छापील सूर्य, छापील छत्री, छापील आइस्क्रीम आणि मागे चिकटवायची सोय. "सोलून लावायचं फक्त."

"मग मुलं काय करणार?"

"काका, मुलं आजवर कधी करत होती?" तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पुण्यातले दुकानदार अधूनमधून असे एखादे वाक्य बोलून जातात की माणूस घरी येऊन इतिहास उघडतो. मीही उघडला. आणि मौज अशी की, त्या दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात चांगले पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे निघाले. करत होती. मुलेच करत होती.

लहान मुलांच्या हातात रंगीत कागद रीतसर, शास्त्र म्हणून देणारा माणूस म्हणजे जर्मनीतला फ्रीडरिश फ्रोबेल. त्याने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. बागेत माळ्याने काय करायचे? पाणी घालायचे, रोपाच्या वतीने आपण वाढायचे नाही. फ्रोबेलने मुलांसाठी चेंडू, ठोकळे अशा 'देणग्या' ठरवल्या आणि त्यांच्या जोडीला हातांचे उद्योग ठेवले. कागदाच्या घड्या घालणे, कागद कातरणे, कागदाच्या पट्ट्या एकमेकींत विणणे, कागदाला टोचून नक्षी काढणे. आज आपल्या बालवाडीत जे जे म्हणून चालते त्यातले निम्मे या गृहस्थाचे आहे. तो काही भिंत सजवायला निघाला नव्हता. चौकोनाची घडी घातली की त्रिकोण होतो, हे मुलाच्या बोटांना कळावे, एवढाच त्याचा हेतू होता. बोटांना आधी, डोक्याला नंतर.

यावर प्रशियाच्या सरकारने काय केले? १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली! नास्तिकपणा आणि समाजवाद पसरवतात म्हणून. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याने काही लिहिले होते आणि सरकारने काका-पुतण्यांत गल्लत केली, असे म्हणतात. (काका-पुतण्यांच्या भानगडीत संस्था बंद पडणे ही काही केवळ महाराष्ट्राची मक्तेदारी नाही.) फ्रोबेल पुढल्याच वर्षी वारला. बंदी उठली १८६० मध्ये. घडीच्या कागदाला घाबरणारे सरकार आपण आज हसून सोडून देतो, पण मला त्या सरकारविषयी एका बाबतीत आदर वाटतो. मुले स्वतःच्या हाताने काही करू लागली तर त्याचे परिणाम होतात, हे निदान त्याला कळले होते.

हा कागद मग जगभर हिंडला. १८७६ मध्ये तोकियोत सरकारी बालशाळा निघाली, तिच्यात फ्रोबेलच्या घड्या आल्या. जपान्यांना घड्या शिकवणे म्हणजे कोल्हापूरकराला तिखट शिकवण्यासारखे. त्यांची स्वतःची ओरिगामी शेकडो वर्षांची. दोन्ही घड्या एकमेकींत मिसळल्या. आपल्याकडे मद्रासेत टी. सुंदर राव नावाच्या गृहस्थांच्या हाती किंडरगार्टनची आठवी देणगी पडली. तिच्यात निरनिराळ्या रंगांचे दोनशे चौकोनी कागद होते. मुलांनी होडी केली असती. सुंदर रावांनी त्यातून भूमितीचे अख्खे पुस्तक केले. नुसत्या घड्या घालून पंचकोन, षट्कोन आणि पुढचे कायकाय काढता येते, हे सांगणारे ते पुस्तक १८९३ साली मद्रासला निघाले. जर्मनीतला मोठा गणिती फेलिक्स क्लाइन याने त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये ते अमेरिकेत छापले गेले. बालवाडीच्या कागदाचा एवढा मान दुसऱ्या कुणी ठेवल्याचे मला तरी ठाऊक नाही. पाकिटातला सूर्य सोलून चिकटवण्यातून असले पुस्तक निघणे कठीण आहे.

इथे एखादा अभिमानी वाचक म्हणेल, "हे सगळं परदेशी झालं. आपल्याकडे काय होतं?" होते, साहेब. भरपूर होते. पुण्यापुरते बोलायचे तर कसबा पेठेत कागदीपुरा आहे. नावातच सगळे आले. जुन्नरचा आणि दौलताबादचा हातकागद पेशवाईच्या दप्तरांतून आजही टिकून आहे. हा कागद तयार झाल्यावर गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे मग त्यावर बोरू अडखळत नसे. आम्ही शाळेत चकचकीत रंगीत कागदाला 'घोटीव कागद' म्हणायचो, तेव्हा त्या शब्दात कुणा कारागिराचे दुखणारे मनगट शिल्लक आहे, हे आम्हाला कुठे माहीत होते! पुढे यंत्राच्या कागदाने तो धंदा बसवला. १९४० मध्ये पुण्यातच हातकागदाची संस्था उभी राहिली आणि त्या कलेला पुन्हा जरा धुगधुगी आली.

आणि उन्हाळ्याची सजावट? ती तर आमच्या घराघरांत होती, फक्त तिला 'समर थीम' म्हणत नसत, चैत्रगौर म्हणत. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर तिचे माहेरपण. अंगणात चैत्रांगण काढायचे. त्यात सूर्य, चंद्र, कासव, हत्ती, तुळस, कमळ, गौरीचा पाळणा. हळदीकुंकवाला पायऱ्यांची आरास मांडायची. आमच्या आजीच्या आरशीत (आरास या शब्दाचे हे घरगुती रूप, आरसा नव्हे) कलिंगडाची कातरून केलेली कमळे, हारीने मांडलेली खेळणी, बाहुल्या, पतंगाच्या कागदाच्या झिरमिळ्या आणि मागच्या भिंतीवर पताका. समोर आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे. पताका आम्ही मुले करायचो. मैद्याची खळ शिजवायची, तिला झुरळे लागू नयेत म्हणून मोठी माणसे मोरचूद टाकायची आणि "हात तोंडात घालशील तर बघ" असा दम द्यायची. सुतळीवर त्रिकोण दुमडून चिकटवता चिकटवता निम्मी खळ कोपरांना लागे. पताकांचे त्रिकोण एकसारखे कधीच नसत. पण आलेल्या बायकांपैकी एकीनेही आजीला विचारले नाही, "अहो, यांच्याकडून कशाला करून घेतलं? बाजारात तयार मिळतात की!"

आरशीतला उन्हाळा गोजिरवाणा नव्हता, पण ओळखीचा होता. तिथे कैरी होती, वाळा होता, माठ होता. थंडीने गारठलेल्या देशांत सूर्य बाहेर पडला की लोक आनंदाने समुद्रावर जातात. तिथला सूर्य हसरा असणे साहजिक आहे. आमच्याकडे वैशाखात सूर्य हसत नाही. कुणी हसरा काढला तर तो आम्हाला हसत असतो. आमचा उन्हाळा सूर्याचा नव्हेच, तो सावलीचा. ज्याने जो सण मांडायचा तो मांडावा, पण सावली वगळून पुण्याचा उन्हाळा भिंतीवर लावणे म्हणजे वराशिवाय वरात.

आता हे दोन प्रवाह, फ्रोबेलचा कागद आणि आपल्या अंगणातली आरास, एकत्र आणणारे कुणी भेटले का? भेटले. आणि तेही आपल्याच भाषेत. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. वकिली सोडून मुलांत रमलेल्या या मिशीवाल्या माणसाला लोक 'मूछाळी मा' म्हणत. १९२३ मध्ये तिथे ताराबाई मोडक जाऊन पोचल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. मराठी बालवाडीतल्या शिक्षिकेला 'ताई' म्हणायची आपली रीत आहे. ताराबाई आणि पुढे अनुताई, यांच्या नावांतच ती मुरलेली दिसते. (आता तिथे 'मिस' आली आहे. ताईला मुलगा घरची गोष्ट सांगतो. मिसला फक्त 'प्रेझेंट' म्हणतो.)

त्या काळात माँटेसोरीबाईंचा मोठा बोलबाला होता. रोमच्या गरीब वस्तीत १९०७ मध्ये त्यांनी पहिले बालगृह काढले होते. १९३९ मध्ये त्या एक अभ्यासवर्ग घ्यायला मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. त्यांची साधने सुरेख, पण महाग. पॉलिश केलेले लाकूड, मापाचे ठोकळे, रंगांच्या पट्ट्या. ताराबाईंना प्रश्न पडला की हे सगळे खेड्यातल्या मुलाला कोण देणार? १९४५ मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. पुण्यात हुजूरपागेत त्या शिकवीत होत्या. या दोघींनी ठोकळ्यांच्या जागी शिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या आणल्या. मोजायला मणीच कशाला, चिंचोके आहेत की! आणि मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी पुणेरी पद्धतीने पाटी लावली नाही. शाळाच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, कारण गुरे काही वर्गात बसत नाहीत. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू केली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. त्या १९७३ मध्ये गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत होत्या.

मला नेहमी गंमत वाटते ती कोसबाडच्या भिंतींची. या दोघी ज्या वारल्यांच्या पाड्यांवर गेल्या त्यांच्या कुडाच्या भिंती आधीच सजलेल्या असत. लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायची त्यांची रीत जुनी. नाचणारी माणसे, झाडे, मोर, शेत. पुढे त्याच डहाणू भागातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रे जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे ज्यांच्याकडे आम्ही शहाणे लोक शिक्षण घेऊन गेलो, त्यांना भिंतीवर काय असावे हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. जे आपल्या डोळ्यांसमोर आहे ते. त्या भिंतीवर कुणी पेंग्विन काढला नाही.

आता आजच्या विज्ञानाकडे वळतो, नाहीतर तरुण वाचक म्हणायचे, आजोबांचे सगळे जुनेच. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवर्गातल्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा छोटे धडे दिले. तीन धडे भिंती चित्रांनी, तक्त्यांनी गच्च भरलेल्या खोलीत, तीन बोडक्या भिंतींच्या खोलीत. सजलेल्या खोलीत मुलांचे लक्ष ३८.६ टक्के वेळ भलतीकडे होते, साध्या खोलीत २८.४ टक्के. धड्यावरच्या प्रश्नांत साध्या खोलीत ५५ टक्के उत्तरे बरोबर आली, सजलेल्या खोलीत ४२ टक्के.

हे आकडे मी घरी वाचून दाखवले. सून म्हणाली, "म्हणजे भिंती उघड्या ठेवायच्या?" मुलगा म्हणाला, "बाबा, साध्या खोलीतही अठ्ठावीस टक्के वेळ लक्ष नव्हतंच ना? आमच्या ऑफिसच्या मीटिंगपेक्षा बरं आहे." दोघांचेही बरोबर होते. संशोधकांनीसुद्धा भिंती बोडक्या करा असे काही म्हटलेले नाही. मुद्दा एवढाच की भिंतीवर जे लागते त्याची किंमत मुलाचे डोळे देतात. मग जे लावायचे ते निदान त्याचे असावे. पण आजकाल भिंतीचे मुख्य प्रेक्षक मुले नाहीतच. प्रवेशाला आलेले पालक आहेत, आणि पालकांच्या मोबाइलवरचा गट आहे. सूर्य भिंतीवर चढला की पाच मिनिटांत त्याचा फोटो गटावर उगवतो. खाली अंगठे. आणि गॉगलवाला सूर्य जास्त अंगठे मिळवतो, हेही खरेच.

पण कागद काही कुणाच्या परवानगीने मुलांकडे येत नाही. तो आपल्या वाटेने येतो. आमच्या लहानपणी आमचे कागदाचे कोठार म्हणजे स्वारगेट. १९४८ च्या १ जूनला पुणे-नगर अशी पहिली एस. टी. धावली. पुढे एस. टी. आणि पी. एम. टी., दोघींचे प्रवासी स्वारगेटला उतरत, आणि उतरले की तिकिटे टाकत. शहरच्या बसच्या तिकिटांना भाड्याप्रमाणे रंग असत. गुलाबी, हिरवे, फिके निळे, पिवळट. आम्ही ती गोळा करायचो. दोन रंगांच्या पट्ट्या काटकोनात धरून एकमेकींवर दुमडत गेले की झुलणारी साखळी होते. (फ्रोबेलने पाहिले असते तर आणखी एक देणगी वाढवली असती.) लांबच्या भाड्याच्या तिकिटांना आमच्यात भाव जास्त, कारण ती दुर्मीळ. आता यंत्रातून पांढरी पट्टी येते आणि तिच्यावरची अक्षरे उन्हात ठेवली तर उडून जातात. प्रगतीने आमच्यासारख्यांचे हे एक नुकसान केले.

आणि खरा उन्हाळी कागदकाम पाहायचा असेल तर आजही स्टँडावर भर दुपारी जावे. कोल्हापूर गाडीची वाट पाहणाऱ्या आजीबाई वर्तमानपत्राची पुढची घडी, मागची घडी करून दोन मिनिटांत पंखा तयार करतात. शेजारचा फुटाणेवाला गणिताच्या जुन्या वहीचा कोन वळतो. कोणी मोडकळलेल्या बाकावर बसून लेकराच्या डोक्यावर कागदी टोपी चढवतो. पंखा, पुडी, टोपी. तीनही उन्हाळ्याच्या कामाच्या, तीनही कागदाच्या, आणि एकावरही गॉगल नाही.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा नातू पर्वतीच्या पायथ्याशी एका अंगणवाडीत जातो. गेल्या एप्रिलात मावशींना उशीर होणार होता म्हणून त्याला आणायला मी गेलो. खोली एकच, वर पत्रा, दारात रांजण. भिंतीवर वरच्या बाजूला वजनाचा तक्ता आणि आहाराचे वेळापत्रक. आणि खाली, माझ्या गुडघ्यापासून कमरेपर्यंत, उन्हाळा होता.

तो पाहायला मला खाली वाकावे लागले. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर फाडलेल्या कागदांचे तुकडे चिकटवलेले होते. कात्री नाही, बोटांनी फाडलेले. खाकी पाकिटाचा माठ, पतंगाच्या हिरव्या कागदाच्या कैऱ्या (एक कैरी माठापेक्षा मोठी), काडेपेटीच्या वेष्टनाचे दार. एक बाई डोक्यावर हंडा घेऊन उभी होती. हंडा चंदेरी, बाईला पाय तीन. सेविकाताई म्हणाल्या, "खळ तेवढी मी करते. बाकी सगळं यांचं."

मावशींच्या नातवाने मला ओढत आपल्या कागदापाशी नेले. कागदभर पिवळे तुकडे, एकावर एक, जागा न सोडता. फक्त खालच्या कोपऱ्यात नखाएवढा काळा तुकडा.

"हे काय रे?" मी विचारले.

"ऊन."

"आणि हा काळा?"

"सावली."

"मग तू कुठेयस?"

"सावलीत," तो म्हणाला. आणि मला हे एवढेसुद्धा कळू नये, याचे त्याला आश्चर्य वाटलेले दिसले.

पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या चार वर्षांच्या मुलाने पुण्याचा उन्हाळा असा एका कागदात सांगून टाकला होता. उन्हाला माप नाही, सावली नखाएवढी, आणि आपण तिच्यात मावतो. हे त्याला कुणी शिकवले नव्हते. ताईंनी त्याला कागद दिला, खळ दिली आणि मुख्य म्हणजे भिंत दिली, त्याच्या उंचीची.

तेव्हा बालवाडी चालवणाऱ्या, बालवाडीत मुले घालणाऱ्या आणि बालवाडीचे कागदकाम घरी निस्तरणाऱ्या तमाम मंडळींपुढे मी एक तडजोडीची योजना ठेवतो. भिंत साधारण दहा फुटांची असते. तिचे वरचे सात फूट मोठ्यांनी घ्यावेत. तिथे खुशाल सूर्याला गॉगल लावावा, समुद्र आणावा, पेंग्विन उन्हात बसवावेत, फोटो काढून गटावर टाकावेत. खालचे तीन फूट मात्र मुलांना द्यावेत, आणि तिथे मोठ्यांनी हात लावू नये. वाकडे चिकटले तर वाकडे राहू द्यावे. मे महिन्यात बालवाडीला कुलूप लागेल, कागद पिवळे पडतील, जूनच्या पहिल्या ओलीत खळ सुटून सगळे खाली येईल. येईना का. जूनमध्ये मुले पुन्हा येणारच आहेत, आणि पावसाळा कसा असतो हे आपल्याला सांगणारच आहेत. आपण फक्त वाकायची तयारी ठेवायची. गुडघ्यांच्या दृष्टीने हे सोपे नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. पण वाकून पाहण्याजोगे भिंतीवर दुसरे काही नसते.